मुंज्याला जागा मिळाली का हो?

पत्र, थोडक्यात

ठाण्याच्या एका वाचक बाईंचं चार पानी पत्र आलंय. वय ५८, नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. वडिलांच्या कपाटातून त्यांच्याकडे एक कथासंग्रह आला. १९७२ची आवृत्ती, १९२ पृष्ठं, १४ गोष्टी. सगळ्या विनोदी आणि सगळ्या अद्भुत: भुतं, यमदूत, वर देऊन पस्तावलेले देव, रुसणारी भांडी. लाइट गेले की वडील कंदिलाच्या उजेडात हेच पुस्तक वाचायचे आणि भावंडं हसून लोळायची. लेखक १९८९ साली गेले, पुस्तक आता बाजारात मिळत नाही.

सोसायटीतल्या ११ जणींच्या भिशीत दर महिन्याला थोडं वाचन करायचं ठरलं, तेव्हा बाईंनी शीर्षककथा घेतली, पिंपळ तोडल्यामुळे बेघर झालेल्या मुंज्याची, म्हणजे पिंपळावरच्या भुताची. २२ पृष्ठांची. चाळीस मिनिटं झाली तरी संपेना, चहा निवला, दोघींनी मोबाइल काढले. "उरलेली पुढच्या वेळी" म्हणून पुस्तक मिटलं आणि पुढच्या वेळी कोणी विषयच काढला नाही. त्याआधी एकीला पुस्तक वाचायला दिलं होतं. ते दोन महिन्यांनी परत आलं, एक पान सुटलेलं, मुखपृष्ठावर कपाचं वर्तुळ, आणि वाचलेलं नाहीच. आता ग्रुपवर "पीडीएफ टाका ना" अशी मागणी आहे. भाचा म्हणतो, मावशी, तू वाच, मी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतो. अमेरिकेतल्या बहिणीच्या नातवंडांना व्हिडिओ कॉलवर एक गोष्ट वाचून दाखवली, तर ती नुसती टकामका बघत बसली. शेवटी बाई लिहितात: "तिसऱ्या मजल्यावरच्या एक जण परवा लिफ्टमध्ये विचारतात, त्या मुंज्याला जागा मिळाली का हो? म्हणजे ऐकलंच नव्हतं धड! मी म्हटलं, पुस्तक घेऊन जा. त्या आल्या नाहीत. लोकांना असलं काही आता कळत नाही का? की मीच माझी आवड गळ्यात मारतेय?"

उत्तर

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत. लिफ्टमधली. तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी ते "लोकांना कळत नाही". अद्भुत गोष्टीला आपल्याकडे श्रोते नाहीत असं म्हणायचं, तर श्रावणाचं काय करायचं? नागपंचमीच्या कहाणीत शेषभगवान ब्राह्मणाचा वेष घेऊन मामा म्हणून येतात, माहेर नसलेल्या धाकट्या सुनेला पाताळात माहेरपणाला नेतात, तिच्या हातून दिवा पडून नागाच्या पिलांच्या शेपट्या भाजतात आणि त्या पिलांची नावं पडतात लांडोबा, पुंडोबा. हातात अक्षता घेऊन बसलेल्या बायकांपैकी एकीनंही आजवर विचारलं नसेल की नाग मामा कसा झाला. तुमच्या भिशीतल्या निम्म्याजणींनी ही कहाणी ऐकलेली असेल. तेव्हा प्रश्न समजण्याचा नाही. कहाणी दहा मिनिटांच्या आत "सुफळ संपूर्ण" होते, आणि ती किती लांब आहे हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. तुमच्या श्रोत्यांना ते ठाऊक नव्हतं.

दुसरं गृहीत जरा नाजूक आहे. तुमच्या मनात हसण्याचं जे माप आहे ते कंदिलाच्या उजेडातलं आहे. पण तुम्ही भावंडं लोळायचात ती गोष्ट पहिल्यांदा ऐकताना नव्हे. ती दहाव्यांदा, पंधराव्यांदा ऐकताना. "आता तो कारकून काय म्हणणार" हे माहीत असल्याचं ते हसू होतं, आणि शेजारी बाबा होते. पहिल्यांदा ऐकणारा माणूस वेगळ्याच कामात असतो. या जगात भूत चालतं का, त्याला इतर लोक घाबरतात की नाही, देव खरे आहेत की सोंग, हे तो आधी जुळवत असतो. साध्या विनोदी कथेत हे काम नसतं. म्हणून अद्भुत विनोदी कथेची पहिली दोन-तीन पृष्ठं बहुतेक श्रोते गप्प असतात. ती शांतता कंटाळ्याची असेलच असं नाही. तुम्हाला ती कंटाळ्याची वाटली, तुम्ही वेग वाढवलात (पत्रात तसं लिहिलंयत), आणि मग खरोखरच कोणाला काही लागेना.

आता हिशेब. डेमी आकाराच्या जुन्या पुस्तकात एका पृष्ठावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द असतात. मोठ्यानं, ऐकणाऱ्याला झेपेल असं वाचायचं तर मिनिटाला ११०-१२० शब्दांच्या पुढे जाऊ नये. म्हणजे पृष्ठाला सव्वादोन-अडीच मिनिटं, हसण्याला जागा सोडून. २२ पृष्ठांना पन्नास-पंचावन्न मिनिटं. पन्नास मिनिटं एका जागी बसवून ठेवणं कसलेल्या कथाकथनकारालाही सोपं नाही, आणि ते कागदात बघून वाचत नाहीत. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनानं सभागृहं हसवली ती गोष्ट तोंडी सांगून, डोळे समोरच्या माणसांवर ठेवून. वाचन म्हटलं की डोळे पानात जातात आणि समोर कोण चुळबुळतंय ते दिसतच नाही. म्हणून वाचनाला कथाकथनाच्या निम्मा वेळ धरावा. भिशीसाठी मी १२ ते १५ मिनिटं म्हणेन. पाच पृष्ठं, जास्तीत जास्त सहा.

शीर्षककथा पहिल्या बैठकीला घेऊच नये. लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या दृष्टीनं ती संग्रहातली भारी गोष्ट असते, आणि भारी गोष्ट बहुधा लांबही असते. संग्रह पहिल्या पानापासून वाचायचा हा नियम कादंबरीचा. कथासंग्रहाला तो लागू नाही.

चौदा गोष्टींसाठी वहीचं एक पान घ्या. प्रत्येक गोष्टीपुढे चार नोंदी: पृष्ठं किती, बोलणारी पात्रं किती, ऐकणाऱ्याला आधी सांगाव्या लागतील अशा बाबी किती, आणि गोष्टीतली अशक्य बाब एका वाक्यात. हे एक वाक्य हीच खरी चाळणी आहे. "रस्तारुंदीत पिंपळ तोडला म्हणून मुंजा पर्यायी जागा मागायला म्युन्सिपालटीत आला." झालं. वाक्य पुरं व्हायला तीनदा "म्हणजे" म्हणावं लागत असेल, तर ती गोष्ट एकट्यानं वाचायची आहे, मोठ्यानं वाचायची नाही. शिवाय ही अशक्य बाब पहिल्या अर्ध्या पृष्ठात आलेली हवी. काही लेखक गावाचं, पावसाचं, चावडीचं वर्णन करत चौथ्या पृष्ठावर भुतापाशी येतात. डोळ्यांनी वाचताना ते गोड लागतं, पण कानांना तेवढा धीर नसतो.

अशा संग्रहात साधारण तीन जातींचा विनोद असतो, आणि त्या तिघांचं मोठ्यानं वाचताना सारखं होत नाही. एक कचेरीचा: यमाच्या दारी रांग, चित्रगुप्ताच्या वहीत खाडाखोड, भुताला रेशनकार्ड. हा सगळ्यात बिनधोक, कारण कचेरी सगळ्यांनी पाहिलेली असते. दुसरा शब्दशः खऱ्या झालेल्या वराचा: "मला कधी भूक लागू नये" असं मागितलं आणि मग श्रीखंडासमोर बसून रडण्याची पाळी आली. हाही मोठ्यानं वाचायला उत्तम, पुढे काय होणार याचा अंदाज ऐकणारा बांधत जातो आणि तो चुकला की हसतो. तिसरा भाषेचा: राक्षस पंडिती मराठीत बोलतो, अप्सरा गिरगावातल्या चाळीतली बोली बोलते, मधूनच पोथीचं विडंबन. हा कागदावर बहारीचा आणि बैठकीत धोक्याचा, कारण ज्या पोथीचं विडंबन आहे ती पोथी ऐकणाऱ्याच्या कानात हवी. तुमची शीर्षककथा, तुम्ही लिहिल्यावरून, पहिल्या आणि तिसऱ्या जातीची भेळ आहे. ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घ्या, मुंज्या आणि कचेरीपुरती कापून.

मोठ्यानं कसं वाचायचं ते नमुन्यावर बोलू. तुमच्या पुस्तकातला उतारा इथे छापत नाही (का, ते पुढे येईलच), त्याच धाटणीचे चार संवाद इथल्यापुरते रचले आहेत.

कारकून मान वर न करता म्हणाला, "रहिवासाचा पुरावा?"
"पिंपळ," मुंजा म्हणाला.
"कुठला पिंपळ?"
"तुम्ही परवा तोडलात तो."
"म्हणजे सध्या नाही."
"नाही."
"मग होता कशावरून?"
मुंजा थोडा वेळ गप्प राहिला. "मी आहे ना."
कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली. "मयताचा दाखला आणलाय?"

यात हशा एकाच जागी आहे, शेवटच्या तीन शब्दांवर. वरचं सगळं त्याची तयारी. म्हणून वरचं सगळं कोरडं वाचायचं, खिडकीवर खरोखर ऐकू येतं तसं. मुंज्याला घोगरा, घुमणारा भुताचा आवाज देण्याचा मोह होतो, आणि हमखास गडबड होते ती तिथेच. तुम्ही आवाज काढलात की श्रोते आवाजाला हसतात. ते हसू "पिंपळ" या शब्दावर खर्च होतं आणि दाखल्यापाशी शिल्लक काही राहत नाही. मुंजा हा तीन खेपा घालून थकलेला साधा नागरिक आहे, त्याचा आवाज तसाच हवा. अद्भुत गोष्टीत वाचणाऱ्यानं अद्भुत वागायचं नाही, कारकुनासारखं वागायचं. "मान वर केली" नंतर एक पूर्ण श्वास थांबायचं. मग दाखला. मग पुन्हा थांबायचं, आणि हे दुसरं थांबणं अवघड असतं. हसू आलं तर ते ओसरेपर्यंत, नाही आलं तर दोन सेकंद, आणि काही झालं नाही अशा चेहऱ्यानं पुढची ओळ. न हसलेल्या श्रोत्याला "अहो, तो मेलेलाच आहे ना, म्हणून दाखला!" असं समजावणं म्हणजे फोडणी जळल्यावर वर मोहरी टाकणं.

"गंमत आहे हं आता" असं आधी सांगणंही बंद. तुम्ही ते दोनदा केल्याचं प्रामाणिकपणे लिहिलंयत.

समजावायचं ते सगळं गोष्ट सुरू होण्याआधी, दोन वाक्यांत. "मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो. आणि ही गोष्ट १९७२ सालची आहे, तेव्हा फाइली सुतळीनं बांधायचे." बस. तुमच्या ११ जणींत तिशीतल्याही आहेत. त्यांना पिंपळावरचा मुंजा माहीत असेलच असं नाही, आणि ट्रंक कॉल तर नाहीच. एखाद्या गोष्टीला अशा चार-पाच टिपा लागत असतील तर ती मागे ठेवा.

कापण्याबद्दल. तुम्हाला वाटतं कापणं म्हणजे लेखकाचा अपमान. बैठकीपुरतं संक्षिप्त वाचायला हरकत नाही, सुरुवातीला तसं सांगून टाकावं. कापायचं काय? निसर्गाची वर्णनं, एकाच गोष्टीची दुसरी उपमा, "तो म्हणाला", "ती उत्तरली" (आवाजाच्या चढउतारानं ते कळतं), आणि मधलं एखादं पात्र जे एकदाच येऊन जातं. कापायचं काय नाही? शेवटी परत येणारी वस्तू. पहिल्या पृष्ठावर शिपायाच्या खिशात विडीचं थोटूक असेल आणि शेवटी मुंजा त्यानंच जागेवरून हलत असेल, तर ते थोटूक राहिलंच पाहिजे. म्हणून कापाकापी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी. शेवटाला लागणाऱ्या गोष्टींच्या खाली मनाशी रेघ मारायची आणि मग उरलेल्याला हात लावायचा. खुणा पुस्तकात नको, पेन्सिलनंही नको. सहा पृष्ठं हातानं वहीत उतरवून घ्या, ओळीआड. तासाभराचं काम आहे आणि त्यात गोष्ट अर्धी पाठ होते, म्हणजे डोळे पानातून वर काढता येतात.

बैठकीची रचना अगदी बारीक गोष्ट वाटेल, पण वाचन पडतं ते बहुतेक तिथे. चहा आधी संपवायचा. चिवडा, वेफर असलं कुरकुरीत काही वाचनाच्या वेळी समोर नको, तोंडातल्या आवाजात खालच्या पट्टीतलं वाक्य बुडतं. पंखा एक घर कमी. तुम्ही सोफ्याच्या मध्यावर नाही, टोकाला बसा, म्हणजे सगळ्या एका नजरेत दिसतात. आणि "बारा मिनिटांची आहे" असं आधी सांगा. लांबी कळली की माणूस मोबाइल खाली ठेवतो.

पुस्तकात न आवडण्यासारखंही काही असणार. पन्नास वर्षांपूर्वीच्या विनोदात सासू, सावळी मुलगी, जाड बायको, एखाद्या जातीचा कंजूषपणा यांवर फुकटचे टोमणे असतात, भुताखेतांच्या गोष्टीत हडळीवर तर भरपूर. तेवढा भाग वगळता येत असेल तर वगळा. गोष्टच त्यावर उभी असेल तर ती गोष्ट बैठकीत घेऊ नका. देवांवरच्या थट्टेची तुम्हाला वाटते तितकी भीती मला वाटत नाही. दशावतारात देवांचा खेळ सुरू व्हायच्या आधी संकासुर मालवणीत धमाल उडवून जातो, गवळणीत पेंद्या आणि मावशी काय काय बोलतात, आणि अभंगांतून विठोबाला सुनावलेलं तर आपण टाळ वाजवून म्हणतो. फक्त जागा पाहायची. त्याच बायका, पण सत्यनारायणानंतर प्रसादाची वाटी हातात असताना नको. पुढच्या शनिवारी चालेल.

अमेरिकेतल्या मुलांचं वेगळं आहे. व्हिडिओ कॉलवर आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि घरात गडबड नको म्हणून पलीकडच्यांनी आपला माइक बंद केलेला असतो. तुम्हाला हसू ऐकूच येत नाही, तुम्ही थांबता, ती तुमच्याकडे बघतात, तुम्ही त्यांच्याकडे. माइक उघडा ठेवायला सांगा. त्याहून बरं, आठवड्याला पाच-सहा मिनिटांचा ऑडिओ करून बहिणीला पाठवा. ती मुलांजवळ बसून ऐकेल, अडलं तिथे थांबवून सांगेल आणि आधी स्वतः हसेल. मुलं मोठ्यांचं हसू बघून हसायला शिकतात, तुम्हीही तशाच शिकलात. त्यांच्यासाठी मुंजा नको. रुसलेल्या भांड्यांची गोष्ट घ्या. पातेलं, झारा, उलथनं त्यांच्या स्वयंपाकघरातही आहेत, सोडमुंज नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल असेल तर झाऱ्याची वाक्यं त्याला द्या आणि पातेलं तुम्ही व्हा.

आता पीडीएफ आणि यूट्यूब. पीडीएफ टाकू नका. पुस्तक बाजारात मिळत नाही याचा अर्थ त्याचे हक्क संपले असा होत नाही. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि ती निधनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. तुमचे लेखक १९८९ साली गेले, म्हणजे २०४९ संपेपर्यंत हक्क वारसांचे, किंवा लेखकानं ज्यांना लिहून दिले असतील त्यांचे. आतली चित्रं दुसऱ्या कोणी काढली असतील तर त्यांचा हिशेब त्या चित्रकाराच्या आयुष्यावर. "ग्रुप आमचाच आहे" हेही फसवं, तिथून फाइल कुठे जाईल ते तुमच्या हातात नाही.

भिशीत वाचायला मात्र काहीच अडचण नाही. घरगुती बैठकीची तर बातच नको, पण उद्या सोसायटीच्या हॉलमध्ये गणपतीत वाचलंत तरी १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात हौशी मंडळानं श्रोत्यांकडून पैसे न घेता केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. तिकीट लावलंत की परवानगी हवी. रेकॉर्डिंग करून सगळ्यांसाठी चॅनलवर टाकणं हे सादरीकरणाच्या सुटीत बसत नाही, मग त्यातून एक पैसा मिळो न मिळो. भाच्याचा उत्साह मोडू नका, त्याला पत्र लिहायला बसवा. पुस्तकाच्या आतल्या पानावर प्रकाशकाचा पत्ता आहे, आणि "सर्व हक्क" कोणाचे ते छापलेलं असतं, पुष्कळदा लेखकाच्या पत्नीचं किंवा मुलाचं नाव. प्रकाशन बंद पडलं असेल तर त्याच लेखकाचं दुसरं, अलीकडे छापलेलं पुस्तक ग्रंथालयात शोधा आणि तिथला पत्ता घ्या. पत्रात नेमकं लिहा: कोणती एक गोष्ट, किती मिनिटं, कुठे टाकणार, जाहिराती असतील की नाही, लेखकाचं नाव कसं देणार. "तुमचं पुस्तक वाचायची परवानगी द्या" अशा मोघम पत्राला उत्तर येत नाही. एका गोष्टीला हो म्हणणं सोपं असतं.

भाच्याला आत्ताच रेकॉर्ड करायचं असेल तर हक्कमुक्त मजकूर आहे. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९३४ साली, आणि चिं. वि. जोशी १९६३ साली, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०२४पासून मोकळं झालं. यांत भुतं कमी, पण विनोद मोठ्यानं वाचण्याचा सराव उत्तम होईल. वेताळाच्या मूळ कथा तर कोणाच्याच मालकीच्या नाहीत. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरातही त्या आहेत. पण आजच्या लेखकानं आजच्या मराठीत सांगितलेला वेताळ त्या लेखकाचा असतो. गोष्ट घ्या, वाक्यं तुमची करा.

सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, चिकटा कागदात उतरतो आणि अक्षरं खातो. बाइंडरकडे जा आणि दोन गोष्टी सांगा: कडा कापू नका, आणि वरून आरपार टाके घालू नका. जुन्या पुस्तकांचा आतला समास आधीच अरुंद असतो, आरपार शिवलं की ओळींची सुरुवात शिवणीत जाते आणि पुस्तक सपाट उघडत नाही. एकच पान असेल तर आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर खळीची रेघ लावून बसवता येतं. बाइंडर खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. घरी करणार असाल तर मोरचूद विषारी आहे हे लक्षात ठेवा, पोहे करायच्या पातेल्यात खळ शिजवू नका. कपाच्या वर्तुळाला काही करू नका. राहू दे.

आणि ही प्रत यापुढे कोणाला नेऊ देऊ नका. मन लहान करून नव्हे. १९२ पृष्ठांचं जुनं, पिवळं पुस्तक हातात ठेवणं म्हणजे पाहुण्याला "हे सगळं संपवून जा" म्हणत ताट वाढणं. नेणारी ते उशाशी ठेवते, दोन महिने अपराधी वाटून घेते आणि परत करते. वाचायला द्यायचंच तर एक गोष्ट द्या, वहीत उतरवलेली. तुमच्या अक्षरातली सहा पानं कोणी दोन महिने ठेवून घेत नाही. संपूर्ण पुस्तकच हवं म्हणणारी निघाली तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, तिथे शोधायला सांगा, किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराकडे नाव नोंदवून ठेवा. शीर्षक, लेखक, प्रकाशक, साल, चारही सांगायचं, नुसत्या शीर्षकावर दुसरंच काही हाती येतं.

तुम्ही विचारलंयत, आवड गळ्यात मारतेय का. पुस्तक हातात कोंबलंत तेव्हा थोडी मारलीत. वाचलंत तेव्हा नाही. आणि कोणालाच काही पडलेलं नसतं तर ग्रुपवर पीडीएफ मागितली कोणी असती?

राहिली लिफ्ट. त्या बाईंनी धड ऐकलं नव्हतं म्हणून विचारलं असं तुम्हाला वाटतं. पण गोष्ट तुम्हीच चाळीस मिनिटांवर तोडलीत, मुंजा खिडकीवर उभा असताना. त्याला जागा मिळते की नाही हे ऐकलेल्या एकीलाही माहीत नाही. ११ जणींतल्या एकीच्या डोक्यात तो कित्येक दिवस तिथेच उभा होता, आणि तिनं भर लिफ्टमध्ये, पिशव्या सांभाळत, त्याची चौकशी केली. त्या क्षणी तुमच्याकडे तीन मजले चढण्याइतका वेळ होता आणि सांगायला एक वाक्य होतं. तुम्ही पुस्तक घेऊन जा म्हणालात. त्या येणार नाहीत, पुस्तक त्यांनी मागितलंच नव्हतं.

उरलेली पृष्ठं आधी घड्याळ लावून चारवर आणा. मग एखाद्या दुपारी, साडेतीन-चारच्या सुमारास, वही घेऊन तिसऱ्या मजल्यावर जा.